ओ कुणी दिली

१

२२ नोव्हेंबर २००२, शुक्रवार. सकाळी दाट धुके. पिरंगुटचा घाट उतरताना एसटीने दिवे लावले होते. दहानंतर स्वच्छ ऊन, वारा नाही.

त्या दिवशी आमच्या ऑफिसातली मेल सुरू झाली. ती मी सुरू केली, कुणाच्याही मदतीशिवाय. हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढे मला पुष्कळांनी सुनावले की ही हौस कशाला केलीत. हौस नव्हती. चिठ्ठ्या हरवत होत्या.

आमचा कारखाना भरे गावाच्या बाहेर आहे. रबराची गॅस्केट आणि सील बनतात, म्हणजे यंत्राच्या सांध्यातून गळू नये म्हणून बसवायच्या चकत्या. मागे रबर दाबायच्या प्रेसची शेड, पुढे ऑफिस. ऑफिस म्हणजे पूर्वीची कोंबड्यांची लांबलचक शेड. प्लायवूडचे आडोसे घालून तिच्या खोल्या केल्या आहेत आणि एका बाजूने बोळ सोडला आहे. दाराशी माझे टेबल. मग शरदचंद्र सरांची केबिन; कारखाना त्यांचा. मग जनार्दनची ड्रॉइंगची खोली. त्यानंतर नापास खोली, म्हणजे गिऱ्हाइकाने परत पाठवलेला माल ठेवायची जागा. शेवटी विश्रामभाऊंचे स्टोअर, आणि त्याच्या पलीकडे ट्रक लागतात ते आवार.

या टोकाचा निरोप त्या टोकाला जायचा तो गंगूबाईंच्या हातून, चहाच्या ट्रेमध्ये. चिठ्ठी ग्लासाखाली भिजायची. एकदा तीनशे सील चुकीच्या गावाला गेली. मग मी पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून एक जाड पुस्तक आणले आणि दिवाळीच्या सुट्टीत वाचून काढले. सगळ्या तारा एकत्र जोडणारा हब आणला, केबल आणली, चिमट्याने कनेक्टर स्वतः दाबून बसवले. पहिले अकरा फुकट गेले. बारावा लागला.

"चार माणसांत मेल?" जनार्दन म्हणाला. तो परभणीचा, राहायला बावधनला, वय तीसच्या आत, तोंड कायम चालू. "ताई, इथं कुणी खोकलं तरी चौघांना कळतं."

"खोकल्याखाली तारीख नसते," मी म्हणाले.

विश्रामभाऊंची अडचण वेगळी होती. त्यांनी कॉम्प्युटरला हात लावण्याआधी तो शर्टाने पुसला. "प्रियाताई, तुमी तिकडनं पाठिवलं, त्ये हितं आलं, ह्ये तुमाला कसं कळायचं? मानूस समोर असला तर मान तरी हालिवतो."

प्रश्न बरोबर होता. म्हणून मी नियम केला: मेल आली की ज्याची त्याने आपल्या खोलीतून मोठ्याने ओ द्यायची, "मिळाली!" आठवडाभर. एकदा भरवसा बसला की बंद.

सरांनी ओ म्हणून टेबलावरची घंटी वाजवायचे ठरवले. त्या शुक्रवारी मी पहिली मेल सगळ्यांना पाठवली. घंटी वाजली. जनार्दन ओरडला, "मिळाली, ताई, पेढे कुठायत?" आणि बोळाच्या पार टोकाकडून विश्रामभाऊंचा आवाज आला, "मिळाली!" तो आवाज पौड रस्त्यावर ऐकू जाईल एवढा मोठा. आवारात ट्रक मागे घेताना ते नुसत्या आवाजावर ड्रायव्हरला बोटभर अंतरावर थांबवायचे.

मी फार खूश होते. ते लिहायला लाज वाटत नाही.

२

पुढच्या मंगळवारी स्टोअरच्या केबलचा हबकडचा कनेक्टर सैल झाला. मी केबल हबपासून सोडवून माझ्या टेबलावर घेतली. जुना कनेक्टर कापून टाकला. चारही जोड्यांच्या तारा माझ्या बोटांत मोकळ्या होत्या. तेवढ्यात सर म्हणाले, दुपारी वीज जाणार आहे, सगळ्यांना कळवा. मी मेल पाठवली.

घंटी. "मिळाली, ताई!" आणि बोळाच्या टोकाकडून, "मिळाली!"

मी हातातल्या तारांकडे पाहिले. स्टोअरला मेल जाणे शक्यच नव्हते.

मला राग आला. विश्रामभाऊ मेल न बघताच ओ देतात, म्हणजे माझ्या नियमाला काही अर्थ राहिला नाही. मी तरातरा स्टोअरमध्ये गेले. खुर्ची रिकामी. ते आवाराबाहेर, वजनकाट्यावर, एका टेम्पोच्या चाकाशी उभे होते.

"तुम्ही आता ओ दिलीत?"

"कुनाला? मी हितं वजनाला हाय मघाधरनं. काय झालं?"

"वीज जाणार आहे."

"जाऊं दे की. रोज जाती."

मी परत आले. प्रेस धपधप चालू होती. प्लायवूड पातळ, पत्रा जुना, आवाज कुठून कुठे जातो सांगता येत नाही, असे मी स्वतःला सांगितले. जनार्दननेच दोनदा ओ दिली असेल, तो नकला करतो. मी त्याला विचारलेसुद्धा. तो हसला नाही. म्हणाला, "ताई, मला वाटलं भाऊच. पण एक सांगू? आवाज जवळून आला. माझ्या मागच्या आडोशातून."

जनार्दनच्या मागचा आडोसा म्हणजे नापास खोली. तिला कुलूप असते. किल्ली विश्रामभाऊंच्या कमरेला.

३

मी गोष्टी तपासून बघणारी बाई आहे. वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली. दुसऱ्या वर्षी मी झाले. आमच्या घरात अंगारा, उतारा, नजर हे शब्द हसण्यापुरतेच यायचे. जे दिसत नाही त्याला आधी चार प्रश्न विचारायचे, मग घाबरायचे का ते ठरवायचे, असे वडील सांगायचे.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत प्रेस बंद होती. मी विश्रामभाऊंना माझ्या टेबलाशेजारी स्टुलावर बसवले. जनार्दन माझ्यासमोर उभा राहिला. सर केबिनच्या दारात, हातात डबा. बोळ मोकळा दिसत होता, शेवटपर्यंत.

"आता कुणीही ओ द्यायची नाही," मी म्हणाले, आणि फक्त स्टोअरच्या नावाने मेल पाठवली.

स्टोअरमधल्या कॉम्प्युटरचा टिंग आवाज इथवर ऐकू आला.  मग, नेहमीच्या सुरात, नेहमीच्या घाईत:

"मिळाली!"

विश्रामभाऊंचे तोंड मिटलेले होते. मी त्यांच्या तोंडाकडेच बघत होते.

"माजाच आवाज हाय की," ते हळूच म्हणाले. जुना फोटो दाखवल्यावर म्हणतात तसे, जरा कौतुकानेच.

"प्रतिध्वनी," सर म्हणाले. "पत्र्याची शेड आहे. दर वेळी तुम्ही ओरडता, तो आवाज कुठं तरी साठतो."

"सर, आवाज साठत नाही," मी म्हणाले.

"मग तुम्ही सांगा."

 गंगूबाई खरकटी ताटे उचलत होत्या. त्या कुणाकडे न बघता म्हणाल्या, "रोज उठून तोंड न बघता हाका मारताय. कुनी ना कुनी ओ देनारच. बोळात उभं ऱ्हाऊन हाक मारू नाय, ह्ये पोरांनाबी म्हाईत असतंय."

"गंगूबाई, हाक नाही ती. मेल आहे."

"नाव काय बी ठेवा."

त्या दिवसापासून मी ओ द्यायचा नियम बंद केला. मेल चालू ठेवली. मेल चांगली चालत होती, तिचा यात दोष नव्हता.

४

नियम बंद झाला, पण ओ बंद झाली नाही. स्टोअरला मेल गेली की नापास खोलीतून "मिळाली" यायचेच. आम्ही सवय करून घेतली. हे आता लिहिताना विचित्र वाटते, पण माणसे सवय करून घेतात. जनार्दन त्याला "भाऊंचे असिस्टंट" म्हणायचा. एकदा त्याने भिंतीवर टकटक करून चहा घेणार का विचारले. उत्तर आले नाही. ते फक्त मेलला ओ द्यायचे.

माझ्या लक्षात आधी आले ते दुसरेच. विश्रामभाऊ बोलेनासे झाले. पहिल्यांदा वाक्ये लहान झाली. मग "व्हय" आणि "न्हाई" उरले. मी विचारले तर घशाकडे हात नेऊन म्हणाले, "दुखत न्हाई काय. पर आतनं येतच न्हाई. आनि त्यो देतुय की ओ माजी. मग मी कशाला?"

हे ते हसत म्हणाले. मला ते हसू आवडले नाही.

पौडच्या डॉक्टरांनी बॅटरी लावून पाहिले. घसा स्वच्छ. त्यांनी गुळण्या सांगितल्या. दोन दिवस भाऊ घरी राहिले, तिथेही आवाज उतरतच गेला. त्यांची बायको धोंडाबाई माझ्याकडे येऊन म्हणाली, "ताई, रानातनं हाक मारायचे तर माजी म्हस मान वर करायची. आता उशाला बसून बोलत्यात तरी मला कळंना. काय चाललंय तुमच्या हापिसात?"

मी म्हणाले, शोधून काढते. असे म्हणून टाकायची मला सवय आहे आणि म्हटले की करायचीही.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, भर दुपारी, कच्च्या रबराचा ट्रक आला. विश्रामभाऊ नेहमीप्रमाणे मागे जाऊन उभे राहिले आणि हात हलवू लागले. मी पावत्यांची फाइल घेऊन आवारात आले होते, म्हणून मी सगळे पाहिले. ट्रक मागे येत होता. त्यांनी दोन्ही पंजे वर करून थांब केले. ड्रायव्हरच्या आरशात ऊन होते, त्याला हात दिसले नाहीत. भाऊंनी तोंड उघडले. गळ्याच्या शिरा फुगल्या. आवाज काहीच नाही.

आणि त्याच वेळी ऑफिसच्या आतून, पत्र्याखालून, त्यांचा तो जुना मोठा मोकळा आवाज आला.

"येऊ द्या! येऊ द्या! येऊ द्या!"

ट्रक येत राहिला. मी ओरडत धावले, बोनेटवर हातातली फाइल आपटली. ट्रक थांबला तेव्हा भाऊ भिंत आणि ट्रकचा मागचा फळका यांच्यामध्ये आडवे होऊन चिकटले होते. शर्टाची बटणे फळक्याला घासून तुटली. अंगाला लागले नाही.

ड्रायव्हर खाली उतरून मला म्हणाला, "बाई, आवाज तर त्यांचाच आला ना? मी काय बहिरा आहे?"

५

सरांनी त्याच दिवशी दोन गोष्टी ठरवल्या. नापास खोली रिकामी करायची, आणि रविवारी एका माणसाला बोलवायचे. नारळ, लिंबू, काय लागेल ते.

खोली मी समोर उभी राहून रिकामी करून घेतली. परत आलेली खोकी, रॅक, फाटकी पोती, सगळे गेले. फरशी धुतली. मागच्या पक्क्या भिंतीवर ओल येऊ नये म्हणून खिळ्यांनी ठोकलेला रबराचा काळा पत्रा तेवढा राहिला. तो भिंतीचाच भाग वाटायचा. दार सताड उघडे ठेवून मी जनार्दनला मेल पाठवायला सांगितले.

"मिळाली!"

रिकाम्या खोलीत आवाज घुमायला हवा होता. घुमला नाही. कुणी उशीत तोंड घालून बोलावे तसा जवळ आणि कोरडा आला.

रविवारच्या माणसाला मी नाही म्हणाले.

"तुमचा विश्वास नाही, ठीक," सर म्हणाले. "पण त्यात तुमचं काय जातं?"

"जातं. सर, आता नारळ फोडला आणि आवाज थांबला, तर उद्या दुसऱ्याला काही झालं की पुन्हा नारळ. आणि थांबला नाही तर म्हणाल, भाऊंच्याच नशिबात होतं. त्यांना घरी बसवाल."

 सरांनी तेच ठरवले होते, हे त्यांच्या तोंडावर दिसले. वाईट माणूस नाही, पण दार बंद करून मिटणारा प्रश्न त्यांना आवडतो. "आवाराला आवाज असलेला माणूस लागतो, प्रियाताई. उद्या खरंच कुणी चिरडलं तर?"

"मला महिनाअखेरपर्यंत द्या."

"करणार काय तुम्ही? मेल बंद करणार?"

"बंद करून बघते."

तीन दिवस मी सगळी यंत्रणा बंद ठेवली. हबचे दिवे विझले. चिठ्ठ्या पुन्हा ग्लासाखाली भिजू लागल्या. तिसऱ्या दिवशी, कुणीही काहीही न पाठवता, दर थोड्या वेळाने नापास खोलीतून भाऊंचा आवाज येऊ लागला. "मिळाली." थांबून पुन्हा, "मिळाली?" या वेळी प्रश्नासारखे.

विश्रामभाऊ स्टोअरमध्ये ओठ मिटून गॅस्केट मोजत होते. मी मेल चालू केली. एका आवाजासाठी मी माझे काम सोडणार नव्हते.

६

मार्ग सापडला तो अपघाताने. भाऊ पुन्हा डॉक्टरांकडे गेले होते आणि स्टोअरचा कॉम्प्युटर अडकत होता. मी त्यांच्या खुर्चीवर बसून दुरुस्त करत होते. जनार्दनने आपल्या खोलीतून चाचणीची मेल पाठवली आणि विचारले, "ताई, आली का?"

"मिळाली!" मी जुन्या सवयीने ओरडले.

मग मला जाणवले की नापास खोलीतून ओ आली नाही. माझ्या आणि तिच्यामध्ये प्लायवूडचा एक पातळ आडोसा होता. पलीकडे कुणीतरी ऐकत असल्यासारखी शांतता होती. मी श्वास रोखून बसले. काही नाही.

संध्याकाळी घसा खरखरीत झाला. घरी आईशी बोलताना शब्दाचे शेवट तुटत होते. सकाळी ऑफिसात आले तर आवारातून आवाज आला, "ताई! आवो, ताई!" बसका, फाटका, पण विश्रामभाऊंचा. ते दोन्ही हातांनी गळा धरून उभे होते, जणू गळा निसटून जाईल.

मी आनंदाने स्टोअरच्या नावाने मेल पाठवली.

नापास खोलीतून माझा आवाज आला. "मिळाली!"

आपला आवाज बाहेरून कसा वाटतो हे मला ठाऊक नव्हते. तो मला उद्धट वाटला. तरीही आवडला.

दुपारपर्यंत खोली पुन्हा भाऊंच्या आवाजात बोलू लागली आणि भाऊंचे ओठ पुन्हा नुसते हलू लागले. माझा घसा मोकळा झाला. मी जेवले नाही. बसून विचार केला. एका वेळी एकच आवाज त्या खोलीजवळ राहतो. ज्याची ओ तिने त्या टोकाला जास्त ऐकली, तो आवाज ती धरते. भाऊंची ओ तिने कितीतरी वेळा ऐकली होती. माझी एकदाच.

का, कशासाठी, ते मी विचारले नाही. त्याचे उत्तर देणारे कुणी नव्हते आणि मला ते लागणारही नव्हते.

७

त्याच दुपारी मी एकटी नापास खोलीत गेले. उन्हाची तिरीप बोळातून आत पडली होती. मला तो काळा रबराचा पत्रा नीट बघायचा होता. मी त्याच्यासमोर उभी राहिले आणि जनार्दनला सांगून ठेवल्याप्रमाणे त्याने मेल पाठवली. पलीकडे टिंग झाले.

पत्रा आत ओढला गेला. भिंतीच्या दिशेने, माणसाच्या तोंडाच्या उंचीवर, बोलायच्या आधी माणूस श्वास घेतो तेवढा वेळ. गाल आत जावा तसा खोल खळगा पडला. त्याच्यामागे दीड फुटी विटांची भिंत होती. खळगा हातभर खोल होता.

मग पत्रा सपाट झाला. "मिळाली!" भाऊंचा आवाज माझ्या तोंडावर आला. त्याला ऊब होती.

  मी खिळे उपटून पत्रा खाली पाडला. मागे चुन्याची कोरडी भिंत. पत्र्याची आतली बाजू एका जागी ओली होती. मी तो ओला भाग पदराने पुसला आणि पत्रा बाहेर कचऱ्यात नेऊन टाकला. पुढची ओ भिंतीतून आली.

माझ्या टेबलावर परत येऊन बसले तर स्टोअरकडून मेल आली होती. विश्रामभाऊंनी स्वतः पाठवलेली पहिली मेल. जनार्दनने त्यांना काय सांगितले होते कोण जाणे, पण त्यांच्या जागी आता मीच ओ देत बसणार हे त्यांना कळले होते. मराठी, इंग्रजी अक्षरांत, एका बोटाने लिहिलेले:

ताई तुम्ही नको. मी म्हातारा झालो. जाऊ द्या माझा.

मी लिहिले: माझ्या आवाजावर ट्रक थांबत नाही. तुमच्या थांबतो. उद्या सकाळपासून तुम्ही माझ्या टेबलाशी बसा, मी स्टोअरला बसते. हा ऑफिसचा आदेश समजा.

बऱ्याच वेळाने उत्तर आले: आदेश सर देतात.

मी लिहिले: सरांना विचारत नाही.

घरी आईला सांगितले. आईला तसेही कमी ऐकू येते. आम्ही निम्मे हातवाऱ्यांनीच बोलतो. ती म्हणाली, "तुझे वडील असते तर म्हणाले असते, पोरगी हट्टी आहे. आणि वर मान करून सगळ्या गावाला सांगितलं असतं." मग म्हणाली, "आज मोठ्यानं बोल जरा. जवळ बसून."

मी त्या संध्याकाळी तिला वर्तमानपत्र शेवटच्या पानापर्यंत वाचून दाखवले.

८

सकाळी मी स्टोअरमध्ये बसले. खुर्ची आडोशाला टेकवली. जनार्दनने मेल पाठवली. मी ओरडले, "मिळाली!" पुन्हा पाठवली. पुन्हा ओरडले. जनार्दनचा चेहरा उतरला होता. दर वेळी बटण दाबण्याआधी तो बोळात येऊन मला बघून जायचा. "ताई, बास?" मी हात हलवायचे: पाठव. गंगूबाईंनी चहा आणून ठेवला आणि त्या दाराशीच बसून राहिल्या. "तुमच्याएवढी आडमुठी बाई मी बगितली न्हाई," त्या म्हणाल्या आणि पदर डोळ्यांना लावला.

दुपारी आडोशापलीकडून माझी ओ माझ्याबरोबरच येऊ लागली. मग माझ्या आधी. मी थांबले नाही. खोली जितक्या मोठ्याने, त्याहून मी मोठ्याने. माझ्या आवाजात मी माझे नाव सांगितले, वडिलांचे नाव सांगितले, भूगावच्या घराचा पत्ता सांगितला. हे सगळे तिला म्हणता आले नाही. माझा एकच शब्द तिला येत होता.

दुसऱ्या दिवशी बाहेर आवारात विश्रामभाऊ एका हमालाला शिव्या देताना ऐकू आले. चांगल्या, खणखणीत, लांब शिव्या. हमालसुद्धा हसत होता.

माझ्या घशात तेव्हा थोडे शिल्लक होते. ते कशासाठी वापरायचे हे मी आधीच ठरवले होते. मी उठून नापास खोलीच्या दारात गेले. जनार्दनच्या खोलीतून मेल सुटली, पलीकडे टिंग झाले आणि भिंतीतून मी म्हणाले, "मिळाली!"

"तुला विचारलेलं नाही," मी म्हणाले.

माझा तो आवाज फुंकरीएवढा होता. त्यानंतर आला नाही.

९

१६ जानेवारी २००३, गुरुवार. कडक थंडी, आकाश निरभ्र, दुपारी पश्चिमेचा वारा.

स्टोअर पुढच्या बाजूला हलवले आहे. शेवटच्या खोलीत कुणी बसत नाही. ऑफिसात कुणी न बघता ओ देत नाही आणि घेतही नाही. माझे सगळे बोलणे मेलने होते. सरांना आता मी त्यांच्याशी पूर्वीपेक्षा जास्त भांडते असे वाटते, तसे त्यांनी मला लिहून कळवले. पौडच्या डॉक्टरांनी माझा घसा पाहिला. स्वच्छ आहे.

आज सकाळी मी तिघांना मेल पाठवली: कच्च्या रबराचा ट्रक दुपारी येईल. सरांचे उत्तर आले. जनार्दनचे आले. विश्रामभाऊंचे आले, दोन शब्द, दोन्ही बरोबर.

नापास खोलीतून माझा आवाज आला, "मिळाली!" ऑफिसात मला आवाज नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. कुणी मान वर केली नाही.

दुपारी ट्रक आला. भाऊ मागे उभे राहिले. "येऊ द्या, येऊ द्या, बास!" ट्रक भिंतीपासून हातभर अलीकडे थांबला.